आधी हजेरी, मागून शिकवणी

२०११ साली दोन गोष्टी सुरू झाल्या. ५ ऑक्टोबरला दिल्लीत मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी ‘आकाश’ हा स्वस्त टॅब्लेट देशाला दाखवला. कॉलेजातल्या प्रत्येक पोराच्या हातात आता ग्रंथालय येणार, असा मोठा गाजावाजा झाला. त्याच वर्षी सुरत जिल्ह्यात, बारडोलीहून महुव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तरसाडी गावात उका तरसाडिया विद्यापीठाची स्थापना झाली. (हे महुवा सुरत जिल्ह्यातलं, भावनगरकडचं कांद्याचं महुवा वेगळं.) दिल्लीच्या वर्तमानपत्रांना या दुसऱ्या घटनेची दखल घेण्याचं काही कारण नव्हतं.

आकाशचं पुढे काय झालं ते बहुतेकांना आठवत असेल. ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि बोट दाबून धरल्याशिवाय न हलणारा पडदा. आयआयटी राजस्थानकडून काम आयआयटी मुंबईकडे गेलं, दुसरी आवृत्ती आली आणि मग विषयच मागे पडला. तरसाडीचं विद्यापीठ मात्र टिकलं आणि वाढलं. विद्यार्थ्याच्या हातात यंत्र देण्याची सरकारची हौस पुढे पोरांनी आणि त्यांच्या आईबापांनी पदरमोड करून भागवली.

बारडोलीच्या या पट्ट्यात विद्यापीठीय शिक्षण आणि मोबाईल यांची गाठ कशी पडली, ते इथे मांडायचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्याकडच्या विद्यापीठांत अ‍ॅप आलं ते कारभारासाठी. शिकणं त्याच्या मागून आलं, आणि तेही बऱ्याच अंशी विद्यार्थ्यांनीच आणलं. बारडोलीत हे जसं घडलं तसंच ते जळगाव-नाशकातही घडलं. पण बारडोली सीमेवरच्या वाटेवर आहे. तिथे गुजराती, मराठी, अहिराणी, गामीत, चौधरी बोलणारी मुलं एका बाकावर बसतात, म्हणून तिथून ते जास्त ठळक दिसतं.

जागा आधी समजून घेऊ. विद्यापीठाच्या आवाराला मालिबा कॅम्पस म्हणतात, वसाहतीचं नाव गोपाल विद्यानगर. मागे संस्था आहे बारडोली प्रदेश केळवणी मंडळ. गुजरातेत गावोगाव अशी केळवणी मंडळं आहेत. आपल्याकडच्या शिक्षण प्रसारक मंडळांची ती भावंडं. फरक पैशाच्या उगमात आहे. बारडोली, महुवा, पलसाणा या तालुक्यांतले पटेल आणि भक्त कुटुंबांतले लोक आधी आफ्रिकेत, मग इंग्लंड-अमेरिकेत गेले. अमेरिकेत मोटेलच्या धंद्यात त्यांनी जम बसवला आणि गावाकडे शाळा-दवाखान्यांना देणग्या दिल्या. या आवारातल्या संस्थांची नावं वाचली की हा इतिहास कळतो : मालिबा फार्मसी कॉलेज, दिवाळीबा पॉलिटेक्निक, मणिबा भुला नर्सिंग कॉलेज. आयांची आणि आज्यांची नावं. त्यांच्या शेजारी छोटुभाई गोपाळभाई पटेल तंत्रशिक्षण संस्था, बाबु माधव माहिती तंत्रज्ञान संस्था, सी. जी. भक्त जैवतंत्रज्ञान संस्था, श्रीमद राजचंद्रांच्या नावाने व्यवस्थापन आणि फिजिओथेरपी. यातल्या काही संस्था विद्यापीठाआधीपासून चालत होत्या. गुजरातचा खासगी विद्यापीठांचा कायदा २००९ सालचा. त्यात २०११ मध्ये भर पडून या संस्थांना स्वतःचं विद्यापीठ मिळालं. त्याआधी या भागाचं विद्यापीठ म्हणजे सुरतेचं दक्षिण गुजरात विद्यापीठ. १९६० च्या दशकातलं हे विद्यापीठ २००४ पासून कवी नर्मदांच्या नावाने ‘वीर नर्मद’ झालं. बारडोली गावातली कला-वाणिज्याची कॉलेजं आजही त्यालाच जोडलेली आहेत.

म्हणजे एकाच तालुक्याच्या आसपास दोन तऱ्हेच्या संस्था आहेत : गावातली अनुदानित जुनी कॉलेजं आणि रस्त्यावरचं खासगी विद्यापीठ. मोबाईल दोन्हीकडे शिरला, पण वेगवेगळ्या दारांनी.

सुरुवातीची काही वर्षं फोन हा गुन्हाच होता. वर्गात वाजला की जप्त, आणि परत हवा असेल तर वडिलांना घेऊन ये. नंदुरबार-नवापूरकडून येणाऱ्या मुलांची आणखी एक अडचण असे, ती आता विसरली गेली आहे. सुरत-भुसावळ लोहमार्ग, म्हणजे जुनी ताप्ती व्हॅली रेल्वे, बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार अशी जाते. नवापूरच्या स्टेशनातून राज्याची सीमा जाते. फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात, उरलेला गुजरातेत. फोनसाठीही ती रेघ खरी होती. महाराष्ट्राचं सिम गुजरातेत आलं की रोमिंग सुरू व्हायचं आणि आलेल्या कॉललाही पैसे कापले जायचे. घरून आईचा फोन आला की मुलगा तो कापून टाकी आणि मिस कॉल देऊन ‘ठीक आहे’ कळवी. अशा वेळी ‘मोबाईलवर शिक्षण’ हे शब्द कुणी उच्चारले असते तर लोक हसले असते.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि हे चित्र काही महिन्यांत पालटलं. डेटा जवळजवळ फुकट झाला. दुसऱ्या कंपन्यांनाही रोमिंगचे दर उतरवावे लागले. पुढच्या वर्षी गुजरात सरकारने ‘नमो ई-टॅब’ योजना काढली : बारावी होऊन कॉलेजच्या किंवा पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्याला १,००० रुपयांत टॅब्लेट. आकाशपेक्षा यंत्र पुष्कळ बरं होतं. पण त्यात काय चालवायचं, याचं उत्तर कॉलेजांकडे तयार नव्हतं. टॅब घरी गेला, धाकट्या भावंडांच्या हाती पडला आणि कार्टून बघण्याच्या कामी आला. यंत्र वाटणं सोपं असतं. त्याच्यासाठी आठवड्याचं वेळापत्रक बदलणं कठीण. सरकारं सोपं काम आधी करतात आणि दुसऱ्यासाठी समिती नेमतात.

मग शिक्षणात शिरलेलं पहिलं अ‍ॅप कोणतं? विद्यापीठाने बनवलेलं नव्हे, मंत्रालयानेही नव्हे. ते व्हॉट्सअ‍ॅप होतं. २०१६ मध्ये त्याच्या ग्रुपची मर्यादा २५६ झाली आणि एका वर्षाची अख्खी तुकडी एका ग्रुपात मावू लागली. सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी, ही जागा अचानक वजनदार झाली. तास रद्द झाला, प्रॅक्टिकलची बॅच बदलली, फी भरायची तारीख वाढली, सगळं सीआर कळवणार. ऑफिसबाहेरचा सूचनाफलक शोभेचा झाला. नोट्सचे फोटो, मागच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका, परीक्षेच्या आदल्या रात्री ‘आयएमपी’ म्हणून फिरणारी पीडीएफ, सगळं याच वाटेने. प्राध्यापकांनी नाकं मुरडली आणि मग तेही ग्रुपात आले.

बारडोलीला सूचनांच्या जाळ्याचं नवल वाटू नये. १९२८ च्या सत्याग्रहात वल्लभभाईंनी तालुक्यातली सव्वाशेहून अधिक गावं छावण्यांत विभागली होती. मुंबई सरकारने शेतसाऱ्यात केलेली २२ टक्के वाढ भरायची नाही, यावर सगळा तालुका अडून बसला होता. शेवटी ब्रूमफील्ड-मॅक्सवेल चौकशीने ती वाढ ६ टक्क्यांच्या आसपास आणली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या यशामागची यंत्रणा मात्र फार कमी सांगितली जाते. ‘सत्याग्रह पत्रिका’ रोज निघे. जुगतराम दवे यांच्यासारखे कार्यकर्ते ती चालवत आणि स्वयंसेवक ती गावोगाव पोचवून वाचून दाखवत. तोच स्वयंसेवक परतताना गावची खबर घेऊन येई : कुणाची म्हैस जप्त झाली, कोण डगमगतोय, कुठे वल्लभभाईंनी स्वतः यायला हवं. निरोप जाई तसा उलट येईही. आजच्या विद्यापीठीय अ‍ॅपमध्ये नेमकं हेच नसतं. ‘नोटिफिकेशन’ येतं, त्याला उत्तर द्यायची जागा नसते. व्हॉट्सअ‍ॅप अधिकृत अ‍ॅपवर मात करतं त्याचं कारण एवढंच आहे : तिथे ‘सर, कळलं नाही’ असं लिहिता येतं.

अधिकृत अ‍ॅप आलं ते हजेरीसाठी. हे हजेरीचं वेड बाहेरून पाहणाऱ्याला विचित्र वाटेल, पण त्याला कारण आहे. फार्मसीचंच घ्या. भारतीय फार्मसी परिषदेच्या बी.फार्म.च्या नियमांत थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींना किमान ८० टक्के हजेरी लागते. शिवाय अंतर्गत मूल्यमापनात हजेरीलाच गुण असतात. थिअरीत ९५ टक्क्यांच्या वर गेलात तर पूर्ण ४. एकेका गुणासाठी झगडणाऱ्या विद्यार्थ्याला आणि तपासणीसाठी येणाऱ्या समितीपुढे नोंदी ठेवणाऱ्या कॉलेजला हजेरीचा आकडा जीव की प्राण असतो. कागदी मस्टरवर ‘प्रॉक्सी’ लागायची म्हणून अंगठ्याची यंत्रं आली, आणि त्यानंतर फोन.

आता हे जवळून पाहा. तास सुरू होतो. प्राध्यापक प्रोजेक्टरवर क्यूआर कोड लावतात. तो दर काही सेकंदांनी बदलतो. साठ हात वर होतात, साठ फोन पडद्याकडे रोखले जातात. मागच्या बाकावरचा एकजण व्हिडिओ कॉल लावून फोन पडद्याकडे धरतो. होस्टेलच्या खोलीत पांघरुणात असलेला मित्र त्याच्या पडद्यावरून कोड टिपतो. हे उघडकीला आलं की अ‍ॅपमध्ये लोकेशनची अट येते : विद्यार्थी आवारातच हवा. होस्टेल आवारातच आहे. मग वर्गाचं वाय-फाय किंवा ब्लूटूथ जोडलेलं हवं, अशी अट. त्यावर पोरांचा तोडगा असा की जुना दुसरा फोन मित्राच्या दप्तरात वर्गात पाठवायचा. फोन हजर, मालक गैरहजर. या सगळ्यात तासाची पहिली आठ-दहा मिनिटं जातात. पूर्वी नावं पुकारून हजेरी घ्यायला साधारण तेवढाच वेळ लागत असे. फरक इतकाच की नावं पुकारताना प्राध्यापकांना मुलांचे चेहरे तरी ओळखू येऊ लागत.

कारभाराचं अ‍ॅप निरुपयोगी असतं, असं माझं म्हणणं नाही. फीची पावती, परीक्षेचा बैठक क्रमांक, निकाल यांसाठी व्याऱ्याहून किंवा सोनगडहून बस धरून येणं आणि खिडकीवर ‘जम्या पछी आवजो’ (म्हणजे जेवणानंतर या) ऐकून परत बसणं वाचलं, ही लहान गोष्ट नाही. गरीब घरच्या मुलाचे त्यात भाड्याचे पैसे आणि बुडणारा रोज वाचतो. घाई मात्र महागात पडते. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने एकाच फटक्यात सगळ्या उत्तरपत्रिका पडद्यावर तपासायचं ठरवलं. सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका होत्या, निकाल महिनोन्‌महिने रखडले, परदेशी प्रवेश हुकले आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात कुलगुरूंना पायउतार व्हावं लागलं. गुजरातेत २०२४ मध्ये सरकारी विद्यापीठांच्या पदवी प्रवेशांसाठी ‘जीकॅस’ हे एकच सामायिक पोर्टल आलं, तेव्हाही पहिल्या वर्षी विद्यार्थी आणि कॉलेजं दोघांचीही दमछाक झाली. वीर नर्मद विद्यापीठाची कॉलेजं त्यात होती. खासगी विद्यापीठं बाहेर होती, त्यामुळे बारडोलीच्या मुलांपैकी काहींनी सरळ तरसाडीची वाट धरली असेल तर नवल नाही.

शिकणं कुठे आलं? ते आलं फोनच्या आतल्या लहानशा संवेदकांतून, आणि ते कुठल्याही विद्यापीठाने ‘राबवलं’ नाही. फिजिओथेरपीचे विद्यार्थी सांध्याची हालचाल मोजायला शिकतात. त्यासाठी प्लॅस्टिकचा दोन पात्यांचा कोनमापक असतो, गोनिओमीटर. एक पातं मांडीच्या रेषेत, दुसरं नडगीच्या, आणि खिळा गुडघ्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर. तिन्ही जागा हाताने चाचपून शोधायच्या असतात आणि नवख्याची चूक तिथेच होते. आता वर्गमित्राला खाटेवर पालथं झोपवायचं, फोन पोटरीवर सपाट धरायचा, पाय सरळ असताना शून्य करायचं आणि टाच मागे ओढायला सांगायचं. पडद्यावर आकडा चढत जातो : ९०, ११०, १३०. प्लॅस्टिकच्या कोनमापकाने घेतलेला आकडा शेजारी लिहिला आणि दोन्हींत सात अंशांचा फरक निघाला, की खरा अभ्यास सुरू होतो. फोन सरकला का? खिळा चुकला का? की मित्राने कंबर उचलली? अ‍ॅपने उत्तर दिलं म्हणून नव्हे, तर उत्तरं जुळली नाहीत म्हणून मुलगा शिकला.

जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठात पदार्थविज्ञानवाल्यांनी २०१६ मध्ये ‘फायफॉक्स’ नावाचं फुकट अ‍ॅप याच कल्पनेवर काढलं. फोनमधला त्वरणमापक, दाबमापक, मायक्रोफोन वापरून लिफ्टचा वेग, लंबकाचा आवर्तकाल, आवाजाची गती मोजायची. ज्या पॉलिटेक्निकमध्ये लंबकाच्या प्रयोगाला एकच स्टॉपवॉच पाच जणांत फिरतं, तिथे प्रत्येकाच्या खिशात प्रयोगशाळा असते आणि तिचा उपयोग होतो तो क्यूआर कोड टिपायला. हे मला खटकतं. आयआयटींच्या पुढाकाराने निघालेल्या ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ आहेत, केंद्र सरकारच्या ‘स्वयम’ या ऑनलाइन मंचावर २०१७ पासून अभ्यासक्रम आहेत आणि २०२१ पासून एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत विषय त्यावरून घेण्याची मुभा यूजीसीने दिली आहे. पण स्वयमचा विषय घेतलेल्या मुलाला त्या व्हिडिओंवर प्रश्न विचारायला कोण सापडतं, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

उलटं उदाहरण संगणकाच्या वर्गांचं. बीसीए-एमसीएच्या शेवटच्या सत्राला प्रोजेक्ट असतो, आणि बारडोली-सुरत पट्ट्यातल्या कुठल्याही अशा संस्थेत शंभर प्रोजेक्टांची यादी पाहिली की निम्मे तरी अ‍ॅप असणार : हॉस्टेल व्यवस्थापन, मेसचा हिशेब, ऊस वाहतुकीच्या ट्रकचा माग, आणि हो, हजेरी. मुलं रात्र-रात्र जागून अ‍ॅप बनवतात, बाह्य परीक्षक फोनवर चालवून बघतात, गुण पडतात. प्ले स्टोअरवर चढवायचं तर एकदाच २५ डॉलर भरून खातं उघडावं लागतं. ते कुणी भरत नाही. अ‍ॅप एपीके फाइल म्हणून पेनड्राइव्हवर राहतं, पुढच्या तुकडीला मिळतं, आणि नाव बदलून पुन्हा जमा होतं. ज्या आवारात दरवर्षी विद्यार्थी अशी अ‍ॅप लिहितात, तिथेच बाहेरच्या कंपनीचं ईआरपी, म्हणजे कारभाराचं सॉफ्टवेअर, विकत घेतलं जातं. संगणकाच्या वर्गापासून ऑफिसपर्यंतचं अंतर चालून जायला दोन मिनिटं लागतील. ते कुणी चालत नाही, कारण विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरला बिल असतं आणि बिघडलं तर बोट दाखवायला माणूस असतो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा होस्टेलं रिकामी झाली. मुलं डांगात, तापी जिल्ह्यात, नवापूर-अक्कलकुव्यात, धडगावच्या पाड्यांवर परतली. तास गूगल मीट आणि झूमवर आले. गूगल क्लासरूम तर २०१४ पासून अस्तित्वात होतं, पण बहुतेक प्राध्यापकांनी ते पहिल्यांदा उघडलं ते त्या एप्रिलमध्ये. सातपुड्यात अनेक ठिकाणी नेटवर्कसाठी टेकडी चढावी लागत होती. ते फोटो तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत आले. त्यात न दिसलेली गोष्ट अशी की टेकडीवर चढलेल्या मुलाला थेट तास ऐकायचाच नसे. तो व्हॉट्सअ‍ॅपवर मित्राने टाकलेला सरांचा आवाज उतरवून घेई, खाली येई आणि घरी ऐके. आठ-दहा मिनिटांची ध्वनिफीत, सोबत वहीच्या पानाचा फोटो : त्या वर्षी सगळ्यात जास्त शिक्षण बहुधा याच आकारात पोचलं. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाला हे १९८९ पासून माहीत होतं. डॉ. राम ताकवले यांनी त्याची घडी बसवली तेव्हा छापील पुस्तक, ध्वनिफीत आणि अभ्यासकेंद्रातला माणूस ही त्रयी होती. टाळेबंदीत आपण सगळे मुक्त विद्यापीठ झालो, पण अभ्यासकेंद्रातला माणूस गाळून.

कोरोना ओसरला आणि तासांची अ‍ॅप पुन्हा कोपऱ्यात गेली. कारभाराची मात्र दुप्पट झाली. आता प्रत्येक विद्यार्थ्याला डिजिलॉकर हवं आणि त्यात ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’चं खातं. ही बँक जुलै २०२१ मध्ये सुरू झाली. कल्पना चांगली आहे : जिथे जेवढं शिकलात तेवढे क्रेडिट खात्यात जमा, सात वर्षांपर्यंत वैध, पुढे दुसऱ्या विद्यापीठात वापरता येतील. या खात्याचा बारा अंकी क्रमांक काढायला पाच मिनिटं पुरतात, असं परिपत्रक म्हणतं.

पाच मिनिटांत कुणाचं होतं? ज्याचं नाव सगळीकडे सारखं आहे त्याचं. गुजरात आणि महाराष्ट्र दोन्ही बोर्डांच्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. आधारवर नाव आधी. गुजरातेत त्यात भर म्हणून शेपूट : दहावीच्या दाखल्यावर ‘कुमार’, आधारवर ‘भाई’, बँकेत नुसतंच नाव, मुलीच्या एका कागदावर ‘बेन’ तर दुसऱ्यावर नाही. नंदुरबारच्या आदिवासी मुलाचं आडनाव महाराष्ट्रातल्या शाळेत एका तऱ्हेने आणि गुजरातेतल्या कॉलेजात इंग्रजी स्पेलिंगच्या दुसऱ्या तऱ्हेने. अ‍ॅपला ही माणसं वेगवेगळी वाटतात. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नावबदल, आधार केंद्रावरची रांग. ऑगस्ट महिन्यात कुठल्याही कॉलेजच्या ऑफिसात बसलात तर शिक्षणावरची चर्चा ऐकू येणार नाही, स्पेलिंगवरची येईल.

भाषेचं वेगळं सांगायलाच हवं. या पट्ट्यातल्या अ‍ॅपची भाषा इंग्रजी, कधी गुजराती. एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये मराठी, गुजरातीसह आठ भारतीय भाषांत अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली, आयआयटींच्या ‘एनपीटेल’ या ऑनलाइन व्याख्यानांची भाषांतरं दोन्ही भाषांत निघाली, कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रात्यक्षिकांनाही मराठी रूप आहे. म्हणजे साहित्य नाही अशी रड उरलेली नाही. पण नवापूरची मुलगी बारडोलीत शिकते तेव्हा तिला मराठी साहित्य आहे हे कोण सांगणार? कॉलेज गुजरातचं, त्याला मराठीचं देणंघेणं नाही. तिचं घरचं विद्यापीठ, म्हणजे जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, तिला ओळखत नाही. ती यूट्यूबवर हिंदीत शिकते. आणि बरं शिकते, हे मान्य करावं लागेल. त्या हिंदी शिकवणाऱ्यांनी परीक्षेचा प्रश्न आणि पोराची अडचण दोन्ही नीट ओळखली आहेत.

खासगी-सरकारी ही भिंतही फोनच्या पडद्यावर दिसू लागली आहे. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू झालं. सरकारी व्यवस्थापनाच्या संस्थांतल्या विद्यार्थ्यांना हजारो संशोधन नियतकालिकं त्यातून वाचता येतात. खासगी विद्यापीठं त्यात नाहीत. म्हणजे सुरतेच्या सरकारी महाविद्यालयातला विद्यार्थी बसमध्ये बसून जो शोधनिबंध फोनवर उघडतो, त्यासाठी तरसाडीच्या फार्मसीवाल्याला ग्रंथालयाच्या वर्गणीवर किंवा मित्राच्या मेहेरबानीवर राहावं लागतं.

सर्वांत शेवटी ज्यांचा नंबर लागतो ती मुलं बारडोलीच्या उसाच्या फडातली. बारडोलीचा साखर कारखाना देशातल्या मोठ्या सहकारी कारखान्यांपैकी एक. दिवाळीच्या सुमाराला धुळे, नंदुरबार, डांग इथून कोयते येतात. मुकादमाची उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात याच कारखान्यांभोवतीच्या तोडकऱ्यांवर लिहिलं, तेव्हा त्यांच्या मुलांच्या कॉलेजचा प्रश्नच उद्भवत नव्हता. आज काही घरांत एखादा मुलगा किंवा मुलगी बी.ए. किंवा नर्सिंगला आहे. गळीत हंगाम आणि सत्र परीक्षा एकाच वेळी येतात. घरात माणूस कमी पडला की कोयत्याची जोडी पुरी करायला त्यालाच फडात उतरावं लागतं, आणि सत्र बुडतं.

क्रेडिट बँकेची खरी गरज या मुलाला आहे. पहिलं वर्ष करून बाहेर पडला तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, क्रेडिट सात वर्षं शाबूत, आणि परतला की पुढून सुरुवात. धोरण लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा शहरातला, एका विद्यापीठातून दुसऱ्यात उड्या मारणारा हुशार विद्यार्थी असावा. पण ही सोय नेमकी बसते ती नंदुरबारच्या तोडकऱ्याच्या पोराला. अट एकच. त्याने पास केलेल्या विषयांचे क्रेडिट त्याच्या खात्यात चढलेले हवेत, आणि ते चढवण्याचं काम अ‍ॅप करत नाही. परीक्षा विभागातला कारकून ठरावीक नमुन्यात फाइल तयार करतो, बारा अंकी क्रमांक जुळवतो आणि अपलोड करतो. ज्यांचे क्रमांक किंवा नावं जुळत नाहीत त्या ओळी लाल होऊन परत येतात. विभागात माणसं दोन, विद्यार्थी हजारो. लाल ओळी वेगळ्या फाइलमध्ये ठेवल्या जातात आणि सीआरच्या ग्रुपवर निरोप जातो : ज्यांची नावं यादीत आहेत त्यांनी आधारची प्रत घेऊन शनिवारपर्यंत ऑफिसात भेटावं. फडात असलेल्या मुलाला तो निरोप त्याच दिवशी मिळतो. शनिवारी सुट्टी द्यायची की नाही, ते मुकादम ठरवतो.